वाडी आडवी झाली तेव्हा: दिवेआगरचे अकरा दिवस

दिवेआगरला आलेला पाहुणा गाडीतून उतरला की आधी समुद्राकडे वळतो. साहजिकच आहे. चार-साडेचार किलोमीटरचा सपाट किनारा, कडेला सुरूची झाडं, मधूनमधून केवड्याची बनं. पण या गावाच्या नावात समुद्र नाही, आगर आहे. कोकणात आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा मराठी ताम्रपट या गावाच्या नावानेच ओळखला जातो. १९९७ साली इथे सोन्याचा गणपती सापडला, तोही एका वाडीत खणताना. गावाचा जीव वाडीत आहे, असं माझी आजी म्हणते.

आमचं घर याच गावात. रस्त्याला लागून ओटी, मग पडवी, माजघर, मागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे अठरा गुंठ्यांची वाडी. आजोबा गेल्यावर आजी पुण्याला आमच्याकडे आली आणि घर वर्षातून दोनदाच उघडू लागलं, मे महिन्यात आणि गणपतीत. एरवी शेजारचे काका-काकू लक्ष ठेवत. वाडीत १४० पोफळी, २२ माड, तीन आंबे, दोन फणस, थोडी जायफळं आणि पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आजी ते पाढ्यांसारखे म्हणत असे.

३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यासकट. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, खाली मंडणगड-दापोलीपर्यंतचा पट्टा त्याने झोडपून काढला. मोबाइलचे टॉवर बंद पडले, वीज गेली. शेजारच्या काकांचा फोन लागला तो चौथ्या दिवशी, तेही कुणीतरी माणगावला गेलं म्हणून निरोप आला एवढंच. निरोप तीन शब्दांचा होता: "घर आहे. या."

वाडीबद्दल त्यात काहीच नव्हतं. आजीला त्यावरूनच कळलं.

कॅलेंडरच्या मागची यादी

तो लॉकडाऊनचा काळ. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. बाबा, काका, चुलतभाऊ म्हणजे माझा दादा आणि मी असे चौघे निघालो. मी तेव्हा बीएला होते आणि कॉलेज बंदच होतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजीला नेणं शक्य नव्हतं. तिथे फोन लागणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने कॅलेंडरच्या पानामागे पाच ओळी लिहून दिल्या:

१. आधी विहीर.
२. घरावर काही पडलं असेल तर वरून खाली काढा.
३. मोजल्याशिवाय एकही खोड हलवू नका.
४. माड कुजत ठेवू नका.
५. फणसाला हात लावण्याआधी मुळं बघा.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळा. म्हसळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना कापलेली खोडं रचलेली होती, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट. विजेचे खांब भाताच्या रोपांसारखे एका दिशेला कललेले. दिवेआगरात शिरलो तेव्हा मला आमची आळी ओळखूच आली नाही. तिथे नेहमी हिरवा अंधार असायचा. आता लख्ख उजेड होता आणि घराच्या ओटीवरून थेट समुद्राचा आवाज येत होता. आधी तो पानांत अडकायचा.

गावात बाहेरून आलेल्यांनी कुणाच्या घरी जायचं नाही असं ठरलं होतं. शेजारच्या काकू रोज दुपारी गडग्यावर भाकरीचं टोपलं ठेवत आणि चार पावलं मागे जाऊन उभ्या राहत. त्यांच्या स्वतःच्या घराची अर्धी कौलं उडाली होती.

आधी विहीर

विहिरीत तीन झावळ्या, एक अख्खी पोफळ आणि कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा होता. वीज नाही म्हणजे पंप नाही. प्यायला, रांधायला, आंघोळीला जे काही पाणी लागेल ते दोराने ओढूनच. पालापाचोळा पाण्यात राहिला तर दोन दिवसांत वास सुटतो. आजीने विहीर पहिली का लिहिली ते पहिल्याच संध्याकाळी समजलं. दादाने कमरेला दोर बांधून पत्रा काढला, मग आम्ही पोहऱ्याने पाणी उपसत राहिलो. आमच्या आळीत वीज यायला महिना उलटला.

दुसरा दिवस घराचा. पडवीच्या छपरावर एक माड आडवा झाला होता. बुंधा जमिनीत अर्धवट अडकलेला, शेंडा कौलांवर. असं झाड दिसलं की कुणालाही बुंध्यापासून कापावंसं वाटतं. गावातला कटरवाला आला आणि त्याने आधी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. वाकून अडकलेलं खोड ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. चुकीच्या जागी काप बसला की ते उसळतं. म्हणून आधी शेंड्याच्या झावळ्या, मग नारळाचे घड, मग हात-दोन हाताचे तुकडे, प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली. एका माडाला साडेतीन तास लागले.

त्याने अजून एक गोष्ट शिकवली. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की वजन एकदम कमी होतं आणि मुळांचा उभा राहिलेला गोळा धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कुणी उभं राहायचं नाही, लहान मुलांनी तर जवळपासही फिरकायचं नाही. आणि झाडात तार अडकलेली असेल, तर वीज गेलेली आहे हे माहीत असूनही वीज मंडळाचा माणूस येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या वाडीच्या मागच्या कोपऱ्यात अशी एक तार होती. ते झाड आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं.

उडालेल्या कौलांच्या जागी घालायला पत्रे नव्हते. श्रीवर्धनपासून माणगावपर्यंत पत्रे आणि ताडपत्र्या मिळेनाशा झाल्या होत्या. पाऊस तोंडावर आला होता. मग काकूंनी गडग्यापलीकडून आम्हाला झाप विणायला शिकवलं. माडाची झावळी मधोमध चिरायची, पाती एकाआड एक गुंफायची. पहिले चार झाप सैल झाले. पुढचे बरे जमले. पहिला मोठा पाऊस आम्ही त्या झापांखाली झोपून काढला आणि गळलं ते एकाच जागी.

मोजल्याशिवाय हलवू नका

तिसरी ओळ सर्वांत अवघड निघाली. पडलेल्या झाडांमधून चालणंच कठीण, मोजणार कसं? पोफळी एकमेकींवर आडव्या-तिडव्या पडल्या होत्या. काही मधूनच मोडलेल्या, काही मुळांसकट. शेजारचे काका सांगत होते की वारा आधी एका बाजूने आला, मग थोडा थांबला आणि पुन्हा उलट्या बाजूने आला. पहिल्या वाऱ्यात कललेलं झाड दुसऱ्या वाऱ्यात मोडलं. पोफळ एकटी उभी राहणारं झाड नव्हे. दाट लावलेली असते तोवर एकमेकींच्या आधाराने डोलते. मध्ये खिंडार पडलं की बाजूच्याही जातात.

आम्ही खडू घेतला आणि एकेका बुंध्यावर आकडा लिहीत गेलो. मी फोटो काढत होते, दादा वहीत लिहीत होता. दोन दिवसांनी हिशेब लागला. १४० पोफळींपैकी ३१ उभ्या. २२ माडांपैकी ९. एक आंबा, एक फणस. जायफळ एकच. मिरीचे वेल आपापल्या पोफळीबरोबर जमिनीवर.

मोजण्याचं कारण पुढे कळलं. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हा त्यांना बुंधे दाखवता आले. ज्यांनी घाईने साफसफाई केली होती त्यांना झाडं किती होती हे सिद्ध करणं जड गेलं. सरकारी मदत सुरुवातीला हेक्टरी ५० हजार रुपये अशी जाहीर झाली. पण इथल्या वाड्या हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आणि एका गुंठ्यात कितीतरी झाडं असतात. पुढे सुपारीच्या झाडाला ५० आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये असा झाडागणिक दर ठरला. झाडं मोजून ठेवलेल्यांना तो उपयोगी पडला.

तुमच्या घरी, शेतावर, बागेत असं काही झालं तर हे लक्षात ठेवा. आधी फोटो, मग आकडे, मग कोयता.

माड कुजत ठेवू नका

आंबा, फणस, चिंच यांची फांदी मोडली तर दुसरीकडून फुटवा येतो. माडाचं आणि पोफळीचं तसं नाही. त्यांना वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. शेंडा मोडला की उभं खोड नुसता खांब. म्हणून आमच्या वाडीत उभ्या दिसणाऱ्या तीन माडांवरही काकांनी फुली मारली. ते उभे होते, पण गेलेले होते.

मेलेल्या माडाची घाई का करायची? गेंड्या भुंग्यामुळे. हा काळा, नाकावर शिंग असलेला भुंगा कुजणाऱ्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो आणि मोठा झाला की जिवंत माडाचा कोवळा कोंब कुरतडतो. वादळ एका दिवसात जातं. न उचललेल्या खोडांतून त्याचा त्रास पुढची दोन-तीन वर्षं बाहेर येत राहतो. वादळातून वाचलेले नऊ माड वाचवायचे असतील, तर पडलेले आधी हलवायला हवे होते.

पण टाकायचं म्हणून काही टाकलं नाही. म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याकडचं लाकूड बाहेरून कठीण असतं, त्याचे वासे निघाले. पोफळीचं खोड उभं चिरलं की आतला भुसभुशीत गाभा निघून जातो आणि पन्हळ उरते. तिचं कुंपण झालं, पागोळ्यांचं पाणी वळवायला नळ झाले. झावळ्यांचे झाप, हिरांचे खराटे. आमच्याकडे ४२ खराटे झाले. पुण्याच्या आमच्या सोसायटीत ते वाटून संपायला वर्ष लागलं. आंब्याचं लाकूड सरपणाला. पडलेल्या फणसाचं लाकूड मात्र काकांनी सावलीत रचून ठेवलं. फणसाचं लाकूड पिवळंधमक, टिकाऊ. दोन वर्षांनी त्याचा देव्हारा झाला.

जे काहीच उपयोगाचं नव्हतं ते चिरून, फोडून, आळीतल्या चार घरांनी मिळून एका बाजूला नेलं. ज्याचा कटर त्याचं इंधन नाही, ज्याच्याकडे इंधन त्याच्याकडे माणसं नाहीत, असा तो काळ. आज तुमची वाडी, उद्या आमची, अशा पाळ्या लावल्या होत्या. तोंडाला मास्क आणि मध्ये सहा हातांचं अंतर ठेवून.

फणसाची मुळं

दुसरा फणस आडवा झाला होता. सगळ्यांनी तो गेला असं धरलं. जागा अडवत होता, विहिरीकडची वाट त्याच्याखाली होती. कटरवाला तयार होता. काकांनी यादी काढली, पाचवी ओळ वाचली आणि आम्ही बुंध्यापाशी बसून माती हाताने उकरली. मागच्या बाजूची मुळं तुटली होती. पुढच्या बाजूची जमिनीतच होती, ओली, न तुटलेली.

मग फांद्या हलक्या केल्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली, उघड्या मुळांवर माती चढवली आणि वाट दोन हात बाजूने वळवली. पावसाळ्यात आडव्या खोडातून कोवळे फुटवे आले. आता तो फणस झोपूनच वाढतो. मुलांना चढायला सोपा झाला आहे.

मोकळी जमीन

अकराव्या दिवशी वाडी साफ झाली. आणि तेव्हाच खरा प्रश्न समोर आला, कारण साफ झालेली वाडी आता प्लॉटसारखी दिसत होती. समुद्रापासून चालत पाच मिनिटं, रस्त्याला लागून, सपाट. पावसाळा संपायच्या आत रिसॉर्टसाठी जागा विचारायला एक माणूस येऊन गेला. त्याने सांगितलेली रक्कम वाडीच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त होती.

दादाचं म्हणणं सरळ होतं. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला सहा-सात. इथे कायम राहणारं कुणी नाही. पुन्हा वादळ येणार नाही याची खात्री कोण देणार? त्याचं काहीच चूक नव्हतं. बाबा गप्प होते. काका म्हणाले, जमीन आईच्या नावावर आहे, तिला विचारू.

आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नऊ फुटांवर एक पोफळ धरली तर किती बसतील?" एवढंच. पण तिने दादाचंही ऐकलं. सगळी वाडी पूर्वीसारखी लावायची नाही, असं ठरलं. मागचे दहा गुंठे पोफळी आणि माड, पुढे भाजी आणि फुलझाडं. आणि घराच्या दोन खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायच्या, म्हणजे वाडीची राखण करणाऱ्या माणसाचा पगार निघेल. दादाच ते काम बघतो.

पोफळीचं रोप उघड्या उन्हात तग धरत नाही. म्हणून आधी केळी लावल्या, सावलीसाठी. पावसाळा सरल्यावर, उरलेल्या ३१ पोफळींच्या खोडांना पश्चिमेचं ऊन थेट लागू लागलं, तेव्हा त्यांनाही सुकलेल्या झावळ्या गुंडाळल्या. नाहीतर साल भाजते आणि झाड तिथूनच मोडतं. मे २०२१मध्ये केळी माणसाएवढ्या झाल्या आणि तौक्ते आलं. १६-१७ मेला ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि जाताना आमच्या सगळ्या केळी झोपवून गेलं.

त्या रात्री घरात पुन्हा तोच विषय निघाला. दादाने या वेळी काही म्हटलं नाही. जूनमध्ये केळीचे नवे कंद लागले आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची ६० रोपं आली. श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्र आहे आणि तिथली 'श्रीवर्धनी' जात याच मातीतल्या रोठ्यातून निवडलेली. मी आता बेंगळुरूला नोकरी करते. रोपं लावली तेव्हा मी रजा काढून गेले होते. त्यांतली ४७ जगली. यंदा दोघींना पहिली पोय आली आहे. उत्पन्न म्हणाल तर अजून शून्य.

तुमच्या किनाऱ्यावरही

ही गोष्ट एकट्या दिवेआगरची नाही. २०१८च्या नोव्हेंबरात 'गज' वादळाने तामिळनाडूत तंजावूर-पट्टुकोट्टईकडच्या माडांच्या बागा अशाच आडव्या केल्या. २०१९च्या मेमध्ये 'फनी'ने पुरी उजाड केली. २०२०च्या मेमध्ये, निसर्गच्या दोनच आठवडे आधी, 'अम्फान'ने कोलकात्यात हजारो झाडं पाडली. तौक्ते पुढे गुजरातेत उनाजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तिथल्या आंबा-नारळाच्या बागा गेल्या. यांपैकी कुठेही तुमचं घर असेल, तर मी काय सांगते आहे ते तुम्हाला वेगळं समजवायला नको.

दिवेआगरला गेलात तर

पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा हा रस्ता सोयीचा. पावसाळ्यानंतर जा. किनारा बघा, रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती बघा, सुवर्णगणेशाचं दर्शन घ्या. राहायला शक्यतो घरगुती जागा निवडा. तिथे दिलेल्या पैशांतून बहुतेक वेळा वाडी उभी राहत असते. येताना रोठा सुपारी आणि घरचे खराटे घ्या.

आणि संध्याकाळी आळीतून एक चक्कर मारा, मान वर करून. कुठे एकटीच उंच पोफळ आभाळात गेलेली दिसेल. ती २०२०च्या आधीची. तिच्याखाली एकसारख्या उंचीची, दाट, हिरवी रांग दिसेल. ती नंतरची. जिथे रांग नाही आणि पेव्हर ब्लॉक आहेत, तिथलाही निर्णय कुणीतरी रात्र रात्र बसून घेतलेला आहे. त्यांना नावं ठेवू नका. पण रांग दिसली तर घरातल्या माणसाला विचारा, "किती लावलीत, किती जगली?" आकडा लगेच सांगतील, तोंडपाठ असतो.